नाकाचा स्वॅब निगेटिव्ह, विषाणू फुफ्फुसात: डिचोली तालुक्यातल्या एका न्यूमोनियाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेले आहे. रुग्ण, घर आणि तपासणीचे आकडे कल्पित आहेत. गोव्यात असा रुग्ण सापडल्याची ही बातमी नव्हे. विषाणूचे वागणे, नमुने घेण्याची पद्धत आणि औषधांच्या मात्रा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. तालुका पातळीवरचे डॉक्टर, परिचारिका, आरोग्य कर्मचारी आणि पशुवैद्य यांच्यासमोर हेच प्रकरण ठेवण्याचे कारण एकच: बर्ड फ्लूचा विषाणू माणसात कुठे बसतो हे नीट समजले, तर निदानातल्या नेहमीच्या चुका टाळता येतात.

काय घडले

महिना जानेवारी. डिचोली तालुक्यात तळ्याकाठच्या वाड्यावर राहणारी ३८ वर्षांची गृहिणी. मधुमेह नाही, दमा नाही. परसात ११ गावठी कोंबड्या. दिवसभर त्या मोकळ्या चरतात, तळ्याच्या ओल्या काठापर्यंत जातात आणि संध्याकाळी खुराड्यात येतात. थंडीत याच पाण्यावर अडई आणि तलवार बदके उतरतात. स्थलांतर करणाऱ्या बदकांच्या आतड्यात इन्फ्लुएन्झा ए विषाणू (बर्ड फ्लूचा विषाणू याच गटातला) अनेकदा कसलाही आजार न करता वाढतात आणि विष्ठेतून पाण्यात जातात. थंड पाण्यात ते कित्येक दिवस तग धरतात.

दोन दिवसांत सात कोंबड्या मेल्या. तुरे निळसर-जांभळे पडले होते, तोंड सुजले होते, विष्ठा पातळ आणि हिरवट होती, अंडी त्याआधीच बंद झाली होती. घरच्यांनी ती मानमोडी (राणीखेत रोग) समजली. गावठी कोंबड्यांत मानमोडी खरोखरच नेहमीची, आणि नुसते पाहून दोन्ही रोग वेगळे ओळखणे पशुवैद्यालाही जमत नाही. आठवी कोंबडी मान टाकू लागली तेव्हा ती फुकट जाऊ नये म्हणून कापली. शागुती झाली, घरातल्या पाचही जणांनी खाल्ली. हा दिवस शून्य.

तिसऱ्या दिवशी तिचा उजवा डोळा लाल झाला, पाणी येऊ लागले. चौथ्या दिवशी ३९ अंश सेल्सिअस ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. सर्दी नाही, नाक वाहत नाही, शिंका नाहीत. पाचव्या दिवशी जवळच्या दवाखान्यात पांढऱ्या पेशी २,९००, प्लेटलेट ९४,००० आणि ऑक्सिजन ९६ टक्के. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यूची एनएस१ निगेटिव्ह. पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवले. आठव्या दिवशी श्वासाची गती मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८८ टक्के, एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात पांढरे ठिपके. तिथून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात (गोमेकॉत).

दाखल करताना घेतलेल्या नाकाच्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए चा सिग्नल पीसीआर तपासणीत ३६व्या चक्रावर उमटला (प्रत्येक चक्रात जनुकद्रव्य दुप्पट होते, म्हणून सिग्नल जितका उशिरा तितका विषाणू कमी), म्हणजे कट-ऑफच्या पलीकडे. अहवाल निगेटिव्ह. नवव्या दिवशी व्हेंटिलेटर लावताना श्वासनळीतला स्राव घेतला, त्यात तोच सिग्नल २२व्या चक्रावर आला. मोसमी फ्लूचे उपप्रकार एच१ आणि एच३ दोन्ही नाहीत. उपप्रकार ठरला नाही. नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेला आणि तिथे एच५, म्हणजे बर्ड फ्लूचा उपप्रकार, पॉझिटिव्ह ठरला.

२२ आणि ३६ यांतल्या १४ चक्रांचा अर्थ सुमारे १६ हजारपट फरक. माणूस एक, दिवसांत अंतर एकाचे. नाक जवळजवळ रिकामे, आणि फुफ्फुस विषाणूने भरलेले.

धोका ताटात नव्हता, साफ करण्यात होता

आजारी कोंबडी पाच जणांनी खाल्ली, आजारी एकच पडली. शिजवताना मांसाचा आतला भाग ७० अंशांवर गेला की हा विषाणू निष्क्रिय होतो, आणि शागुती त्याहून कितीतरी जास्त तापते. फरक पडला तो चुलीवर जाण्याआधी.

कोंबडी कशी साफ केली ते टप्प्याटप्प्याने विचारले पाहिजे. मान कापल्यावर ती फडफडते, तेव्हा रक्त आणि श्वासनळीतला चिकट स्राव फवाऱ्यासारखा उडतो. मग ती गरम पाण्यात बुडवायची. पिसे सैल होण्यापुरते हे पाणी अर्धा-एक मिनिटच लागते; त्याने कातडी तापते, आतला अवयव नव्हे. ओल्या पिसांच्या मुठी उपटताना बारीक थेंब उडतात. पोट चिरून आतडी, काळीज, पोटी बाहेर येते. शेवटी फुफ्फुसे. कोंबडीची फुफ्फुसे बरगड्यांच्या खोबणीत घट्ट रुतलेली असतात, ती अख्खी सुटून येत नाहीत. बोटाने, नखाने खरवडून काढावी लागतात, आणि त्या वेळी तोंड पोकळीच्या अगदी जवळ असते. रोगट कोंबडीत याच पेशीजालात विषाणूचे प्रमाण प्रचंड असते. हे काम तिने न्हाणीघराच्या मागे, भिंतीला टेकून, वारा नसलेल्या कोपऱ्यात केले. हात भरलेले होते म्हणून घाम आणि उडालेले पाणी मनगटाने पुसले, उजवा डोळाही त्यानेच चोळला.

बाधित कोंबड्या कापताना हवेत विषाणूयुक्त कण तयार होतात आणि त्या हवेतून फेरेट प्राण्यांना संसर्ग होतो, हे प्रयोगशाळेत दाखवले गेले आहे. तिथेच असेही दिसले की कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून कापली तर हवेतला विषाणू खूप घटतो. चिकनच्या दुकानात पिसे काढणारा ड्रम बंद खोलीत फिरतो, तिथे हा प्रश्न आणखी मोठा आहे.

कणाचा आकार इथे निर्णायक ठरतो. १० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडतात. ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण श्वासाबरोबर खाली जातात आणि त्यातले काही थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसाच्या टोकाच्या बारीक हवेच्या पिशव्यांपर्यंत, पोचतात. पक्ष्यांच्या विषाणूला माणसात शिरायचे तर खाली पोचणे भाग आहे. का, ते पुढे.

वर अडतो, खाली शिरतो

इन्फ्लुएन्झा विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. ते पेशीवरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला, म्हणजे सायॲलिक आम्लाला धरते. हे आम्ल पुढच्या साखरेला दोन प्रकारे जोडलेले असते: अल्फा २,३ आणि अल्फा २,६. पक्ष्यांचे विषाणू २,३ जोडणी पसंत करतात, कारण बदकाच्या आतड्यात तीच असते. माणसांत रुळलेले मोसमी फ्लूचे विषाणू २,६ धरतात.

माणसाच्या नाकात, घशात, श्वासनळीत २,६ चे प्राबल्य आहे. २,३ जोडणी मुख्यतः सापडते ती सर्वांत बारीक श्वासनलिकांच्या टोकाशी आणि वायुकोशांतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर. २००६ साली दोन वेगवेगळ्या गटांनी माणसाच्या ऊतींवर हे दाखवले, आणि एच५एन१ चा न्यूमोनिया इतका खोल का असतो याला पहिल्यांदा पटेल असे उत्तर मिळाले. विभागणी काटेकोर नाही, वरही थोडी २,३ असते. म्हणून नाकाचा स्वॅब कधी पॉझिटिव्ह येतो आणि कधी येत नाही.

वरच्या मार्गात आणखी एक अडसर आहे. श्वासमार्गातल्या चिकट स्रावातल्या म्युसिन प्रथिनांवर २,३ सायॲलिक आम्ल भरपूर असते. पक्ष्याचा विषाणू त्यालाच पेशी समजून चिकटतो आणि पेशींवरच्या बारीक केसांच्या हालचालीबरोबर घशाकडे ढकलला जातो. विषाणूचे दुसरे प्रथिन, न्यूरामिनिडेझ, ही पकड कापत पुढे सरकायचा प्रयत्न करते. विषाणू थोडे असतील तर स्राव जिंकतो. कुक्कुटपालनात काम करणाऱ्या असंख्य लोकांपैकी फार थोडे आजारी पडतात, त्यामागे हे मोठे कारण आहे. या प्रकरणात विषाणूची मात्रा मोठी होती, कण बारीक होते आणि अंतर वितीचे होते.

तिसरी गोष्ट तापमान. पक्ष्याच्या आतड्यात सुमारे ४१ अंश, माणसाच्या फुफ्फुसात ३७, नाकात ३३ च्या आसपास. पक्ष्यांच्या विषाणूची नक्कल करणारी यंत्रणा ३३ अंशांवर मंदावते. नाकात थोडा विषाणू शिरलाच तरी तो तिथे फोफावत नाही.

हे तीन मुद्दे रुग्णाच्या लक्षणांवर ठेवून पाहा. सर्दी नाही, शिंका नाहीत, घसा जवळपास ठीक, आणि चार दिवसांत श्वास लागलेला. वायुकोशांतल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी सर्फॅक्टंट तयार करतात, त्यामुळे वायुकोश श्वास सोडताना मिटत नाहीत. त्याच पेशी मेल्या की वायुकोश कोसळतात, त्यांत पाणी भरते आणि ऑक्सिजन एका रात्रीत घसरतो. पाचव्या दिवशी ९६ आणि आठव्या दिवशी ८८, ही घसरण या विषाणूला शोभणारीच आहे.

डोळा

माणसाच्या डोळ्याच्या पातळ आवरणावर २,३ प्रकारचे सायॲलिक आम्ल असते. म्हणजे पक्ष्याच्या विषाणूला माणसाच्या शरीरात उघड्यावर मिळणारी सोयीची जागा म्हणजे डोळा. शिवाय अश्रुनलिका नाकात उतरते, त्यामुळे डोळ्यात पडलेला थेंब श्वासमार्गात जाऊ शकतो. नेदरलँड्समध्ये २००३ साली एच७एन७ या बर्ड फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराची साथ आली तेव्हा ८९ माणसांना संसर्ग झाला आणि त्यांतल्या ७८ जणांचे फक्त डोळे आले होते. एका पशुवैद्याचा न्यूमोनियाने मृत्यू झाला. २०२४ पासून अमेरिकेत दुभत्या गाईंमधून माणसांत गेलेल्या एच५एन१ मध्येही लाल डोळा हेच ठळक लक्षण होते.

आमच्या रुग्णाचा डोळा तिसऱ्या दिवशीच लाल झाला होता. दवाखान्यात ती नोंद आहे, पण ‘डोळे आले’ एवढीच. त्या डोळ्याचा स्वॅब दवाखान्यात तेव्हाच घेतला असता तर निदान चार दिवस आधी हाती आले असते असे मानायला जागा आहे.

पेशीच्या आत

पेशीला चिकटल्यावर विषाणू एका पिशवीत बंद होऊन आत ओढला जातो. पिशवीतले आम्ल वाढले की हिमॅग्लुटिनिन आपला आकार बदलतो आणि विषाणूचे आवरण पिशवीच्या आवरणात मिसळते. त्यासाठी हे प्रथिन आधी कापलेले असावे लागते. सौम्य प्रकारच्या विषाणूंत ही काप श्वासमार्गातल्या आणि आतड्यातल्या ठराविक विकरांनीच होते, त्यामुळे संसर्ग तेवढ्यापुरता राहतो. घातक एच५ आणि एच७ विषाणूंत कापायच्या जागी क्षारधर्मी अमिनो आम्लांची रांग असते आणि ती फ्युरिन हे विकर कापते. फ्युरिन शरीरातल्या बहुतेक पेशींत आहे. म्हणून कोंबडी दोन दिवसांत मरते. मेंदू, यकृत, हृदय काहीच सुटत नाही. माणसातही एच५एन१ च्या काही रुग्णांत जुलाब होतात आणि विषाणू फुफ्फुसाबाहेर सापडतो. वॉर्डात विष्ठाही संसर्गजन्यच धरायची, ती याचसाठी.

पुढे विषाणूचे आठ जनुकखंड केंद्रकात जातात. तिथे विषाणूचे नक्कल करणारे विकर, पॉलिमरेझ, यजमान पेशीतल्या एएनपी३२ए या प्रथिनाचा आधार घेते. पक्ष्यांतले हे प्रथिन माणसाच्या प्रथिनापेक्षा ३३ अमिनो आम्लांनी लांब आहे. पक्ष्यांच्या विषाणूचे पॉलिमरेझ त्या लांब रूपाशी जुळलेले असते, माणसाच्या आखूड रूपाशी ते नीट बसत नाही आणि नक्कल रखडते. पॉलिमरेझचा भाग असलेल्या पीबी२ प्रथिनात ६२७व्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी लायसिन आले की ही अडचण दूर होते. हा बदल पक्ष्यात झालेला असावा लागत नाही. एकाच आजारी माणसाच्या फुफ्फुसात, आठवडाभराच्या वाढीत तो निवडला जाऊ शकतो. ७०१व्या जागेवरचा बदलही असेच काम करतो. यापलीकडे मानवी पेशींत एमएक्सए आणि २०२३ साली वर्णन झालेले बीटीएन३ए३ अशा विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांचे अडथळे आहेत. मोसमी विषाणूंनी ते पार केलेले आहेत, पक्ष्यांच्या बहुतेक विषाणूंनी नाहीत.

म्हणून जनुकक्रम हाती आला की आधी पीबी२ मधल्या ६२७ आणि ७०१ या जागा पाहायच्या, मग हिमॅग्लुटिनिनमधल्या २२६ आणि २२८. पहिल्या दोन जागा सांगतात की विषाणू या रुग्णात जोमाने वाढतो आहे का. शेवटच्या दोन सांगतात की त्याची पकड २,३ कडून २,६ कडे, म्हणजे फुफ्फुसाच्या तळाकडून नाकाकडे सरकते आहे का. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने जास्त काळजी दुसऱ्या प्रश्नाची आहे. नाकात स्थिरावलेला विषाणू शिंकेतून पसरतो, फुफ्फुसाच्या तळाशी अडकलेला सहसा पसरत नाही.

निदान का हुकले

दवाखान्यात चुकीचा विचार झाला नाही, अपुरा झाला. गोव्यात जानेवारीत ताप, लाल डोळा, कमी पांढऱ्या पेशी आणि कमी प्लेटलेट असे चित्र दिसले की डोक्यात डेंग्यू, लेप्टो आणि सत्तरीच्या बाजूला माकडताप येणारच, आणि आलाच पाहिजे. एच५एन१ मध्येही पांढऱ्या पेशी, त्यातही लिम्फोसाइट, कमी होतात, प्लेटलेट घटतात, यकृताची विकरे वाढतात. रक्ताच्या अहवालावरून हे चार रोग वेगळे करता येत नाहीत. माकडतापाचा हंगाम आणि स्थलांतरित बदकांचा मुक्काम गोव्यात एकाच काळात येतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

वेगळे करणाऱ्या खुणा दोन होत्या. लेप्टोत आणि माकडतापात डोळे सहसा दोन्ही आणि पाणी न येता लाल होतात. इथे एक डोळा लाल होता आणि वाहत होता. दुसरी खूण म्हणजे कोरडा खोकला तापाच्या पहिल्या दिवसापासून होता. एवढ्यावर बर्ड फ्लू म्हणता येत नाही, पण एक प्रश्न विचारावासा वाटायला एवढे पुरे होते.

तो प्रश्न शेवटी वॉर्डातल्या परिचारिकेने विचारला: “वहिनी, घरी कोंबड्या आहेत? गेल्या दोन आठवड्यांत कुठली मेली का?”

उत्तर नवऱ्याने दिले: “मेल्या ना सिस्टर, सात मेल्या. पण आम्ही मेलेली नाही खाल्ली. जिवंत होती तेव्हाच कापली.”

पाचव्या दिवशी ‘आजारी चिकन खाल्ले का’ असे विचारले गेले होते आणि उत्तर ‘नाही’ आले होते. घरच्यांच्या लेखी जिवंत कापलेली कोंबडी आजारी नसते. म्हणून प्रश्न कामाबद्दल विचारावा: कोंबड्या पाळता का, एवढ्यात कुठली मेली का, कुणी कापली, पिसे कुणी काढली, खुराडे कुणी झाडले, चिकनच्या दुकानात किंवा कोंबड्यांच्या गाडीवर कुणी काम करते का. गोव्यात कोंबड्यांचा मोठा पुरवठा बेळगाव आणि महाराष्ट्रातून गाड्यांनी होतो. तेव्हा पिंजरे उतरवणारा कामगार हाही या यादीत येतो, मग त्याच्या स्वतःच्या घरी एकही कोंबडी नसली तरी.

शेजारी काय झाले आहे तेही डॉक्टरांना माहीत हवे. देशात कोंबड्यांतला एच५एन१ पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०२१ च्या जानेवारीत परभणीत साथ आली. त्याच वर्षी जुलैत हरियाणाच्या एका मुलाचा दिल्लीत एच५एन१ ने मृत्यू झाला; देशातला तो पहिला नोंदलेला मानवी मृत्यू. मेळघाटात २०१९ साली एका तान्ह्या मुलात एच९एन२ हा बर्ड फ्लूचा आणखी एक प्रकार सापडला, आजार सौम्य होता. सौम्य आणि घातक, दोन्ही टोके आपल्याच देशात नोंदली गेली आहेत.

नमुने

कोंबड्यांशी संपर्क आणि ताप, एवढे जुळले की नमुने लगेच घ्यावेत. नाकाच्या मागच्या भागाचा एक आणि घशाचा एक, दोन्ही स्वॅब एकाच विषाणू वाहक माध्यमाच्या नळीत, २ ते ३ मिली. एच५एन१ मध्ये घशाचा स्वॅब नाकापेक्षा उपयोगी ठरल्याचा अनुभव आहे, म्हणून घशाचा टाळू नये. डोळा लाल असेल तर त्याचा वेगळा स्वॅब, वेगळ्या नळीत. स्वॅब कृत्रिम धाग्याचा आणि प्लास्टिकच्या काडीचा हवा. कापूस, लाकडी काडी किंवा कॅल्शियम अल्जिनेट चालत नाही, त्यांतले घटक पीसीआर बिघडवतात. नळी २ ते ८ अंशांवर ठेवून ७२ तासांत प्रयोगशाळेत; उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांवर. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणे सर्वांत वाईट, तिथे गोठणे-वितळणे चालू राहते.

न्यूमोनिया असेल तर वरचा नमुना पुरत नाही. रुग्ण कफ काढू शकत असेल तर कफ. नळी टाकली असेल तर श्वासनळीतला स्राव. खालचा नमुना घेईपर्यंत ‘इन्फ्लुएन्झा नाही’ असे कागदावर लिहू नये. पंधरा मिनिटांत निकाल देणारी रॅपिड किट या कामाची नाहीत. निगेटिव्ह आली तर तिला अर्थ नाही.

प्रयोगशाळेने दोन गोष्टी पाहायच्या. इन्फ्लुएन्झा ए चा सिग्नल चांगला ठळक असूनही एच१ आणि एच३ दोन्ही निगेटिव्ह असतील तर तो नमुना ‘उपप्रकार ठरला नाही’ म्हणून बाजूला ठेवायचा नाही. त्याच दिवशी राष्ट्रीय विषाणू संस्थेला कळवायचे. आणि सिग्नल कट-ऑफच्या जरा पलीकडे असेल, रुग्ण गंभीर असेल, तर निगेटिव्ह न लिहिता ‘अनिर्णित, खालचा नमुना पाठवा’ लिहायचे. आमच्या प्रकरणात ३६व्या चक्रावरचा तो अशक्त सिग्नल कुणी पाहिला असता तर एक दिवस वाचला असता. विषाणू वाढवण्याचा प्रयत्न स्थानिक प्रयोगशाळेने मुळीच करू नये, ते उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेचे काम आहे.

उपचार

फ्लूविरोधी औषध ओसेल्टामिविर ७५ मिग्रॅ, दिवसातून दोनदा. पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक फायदा, पण गंभीर रुग्णाला उशिरा आला म्हणून नाकारू नये. इथे ते आठव्या दिवशी, अहवालाची वाट न पाहता सुरू झाले, आणि आजार खोल असल्याने पाचऐवजी दहा दिवस दिले. मूत्रपिंडे मंदावली असतील तर मात्रा कमी करावी लागते. नळीतून देताना कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळता येते. विषाणू कमी होतो आहे का हे पाहायला दर दोन-तीन दिवसांनी खालचा नमुना पुन्हा घ्यावा. उपचार चालू असतानाच औषधाला न जुमानणारा बदल उद्भवल्याचे व्हिएतनाममधल्या रुग्णांत २००५ साली नोंदले गेले आहे.

स्टिरॉइडबद्दल स्पष्ट बोलायला हवे. कोविडनंतर ऑक्सिजन घसरला की डेक्सामेथासोन द्यायचा हात सवयीने पुढे जातो. इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियात ते देऊ नये. विषाणू जास्त काळ टिकतो आणि जिवाणूंचा दुय्यम संसर्ग वाढतो. दुसऱ्या कारणासाठी, उदाहरणार्थ दम्यासाठी, गरज असेल तर तो वेगळा निर्णय.

व्हेंटिलेटरवर श्वासाचे आकारमान उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला ६ मिली, प्लॅटो दाब (श्वास आत थांबवून मोजलेला दाब) ३० सेंमी पाण्याच्या आत, आणि ऑक्सिजन सावरत नसेल तर दिवसाला किमान १६ तास पालथे झोपवणे. या रुग्णाला बारा दिवस यंत्राची गरज लागली. ती वाचली, पण घरी जाताना चढावर दम लागत होता. २००३ पासून जगभर नोंदल्या गेलेल्या ९०० हून अधिक एच५एन१ रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत. सौम्य रुग्ण नोंदलेच जात नसल्याने खरे प्रमाण कमी असेल, पण न्यूमोनिया होऊन दाखल झालेल्यासाठी ते समाधान फारसे कामाचे नाही.

घरचे, दवाखान्यातले आणि कोंबड्या

नवरा, दोन मुले, सासू आणि पाचव्या दिवशी तिला तपासणारे कर्मचारी, अशी यादी झाली. कुणालाही संसर्ग नव्हता. माणसाकडून माणसाला हा विषाणू क्वचितच जातो, त्याची कारणे वर आलीच आहेत: तो शिंकेच्या जागी बसत नाही, ३३ अंशांवर मंदावतो. आणखी एक भर म्हणजे पक्ष्यांच्या विषाणूचे हिमॅग्लुटिनिन सौम्य आम्लातही आकार बदलून बसते, त्यामुळे नाकाच्या किंचित आम्लधर्मी स्रावात आणि हवेतल्या थेंबात ते लवकर निकामी होते.

तरीही खबरदारी पूर्ण घ्यायची. सर्वांनी शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, डोळा लाल झाला तरी कळवायचे. मास्कविना जवळून संपर्क आलेल्यांना ओसेल्टामिविर. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी इथे दिवसातून एकदा नव्हे, दोनदा ७५ मिग्रॅ पाच दिवस सुचवते, कारण संसर्ग आधीच सुरू झालेला असू शकतो. वॉर्डात एन९५, चष्मा, गाऊन, हातमोजे. यात चष्मा सर्वांत जास्त विसरला जातो, आणि या विषाणूसाठी तोच सोडून चालत नाही. नळी टाकताना आणि स्राव ओढताना खोलीत अत्यावश्यक माणसेच.

पशुसंवर्धन खात्याला फोन गेला तो आठव्या दिवशी रात्री, रुग्णाचा निकाल येण्याच्या आधी. हे योग्यच झाले. खुराड्यात उरलेल्या तीन कोंबड्यांच्या श्वासनळीचे आणि गुदमार्गाचे स्वॅब भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात. निकाल पॉझिटिव्ह आला की १ किमी परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि तिथले पाळीव पक्षी नष्ट केले जातात. त्यापुढे १० किमीपर्यंत देखरेख. मालकाला भरपाई मिळते हे पहिल्याच भेटीत सांगावे, नाहीतर उरलेल्या कोंबड्या रातोरात पाहुण्यांच्या गावी पोचतात. मेलेले पक्षी तळ्यात किंवा ओहोळात टाकायचे नाहीत, विहिरीजवळ पुरायचे नाहीत. गोव्यात पाणी जमिनीच्या वरच्या थरात असते, त्यामुळे खड्ड्याची जागा खात्याने ठरवावी.

खुराडे धुताना आधी कोरडे झाडणे ही नेहमीची चूक. धुळीबरोबर वाळलेली विष्ठा उडते. आधी साबणाच्या पाण्याने सगळे भिजवायचे. साबण विषाणूचे चरबीचे आवरण विरघळवतो. मग ओला कचरा फावड्याने उचलायचा आणि शेवटी ब्लीचिंगचे द्रावण. विष्ठा न काढता ओतलेले ब्लीच फुकट जाते, कारण सेंद्रिय घाणीत क्लोरिन संपून जातो. हे काम एन९५ आणि चष्मा लावून, वाऱ्याकडे पाठ करून करावे. कोंबड्या नष्ट करणाऱ्या पथकाला मोसमी फ्लूची लस आधीच दिलेली असावी. ती एच५ पासून वाचवत नाही, पण एकाच माणसाच्या पेशीत मोसमी आणि पक्ष्यांचा असे दोन विषाणू एकत्र येऊन आठ खंडांची अदलाबदल होण्याची शक्यता कमी करते. पथकातल्या ज्याला आधीच सर्दी-ताप आहे, त्याला त्या दिवशी खुराड्याच्या कामावर घेऊ नये.